जुन्या गाडीला जुना कॅट : ‘कोणाक कळचें ना’ हे कितपत खरं?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात, फोंड्यातल्या एका गॅरेजमध्ये माझी २००८ सालची पेट्रोल गाडी रॅम्पवर चढवली होती. चढाला तिला दम लागत होता, खालून खडखड येत होती आणि पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड १.४ टक्के दाखवला होता. तिला मुभा आहे ०.५ टक्क्याची. मिस्त्रीने इंजिनाजवळच्या फुगीर डब्यावर रबरी हातोडा हलकेच मारला. आत फुटक्या कौलांसारखं काहीतरी खुळखुळलं.

“सर, कॅट गेला.” कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनातून येणारा विषारी धूर स्वच्छ करणारा डबा.

नव्या कॅटची किंमत ऐकून मी गप्प झालो. त्यावर त्याने दोन उपाय सुचवले. पहिला म्हणजे डबा कापायचा, आतली जाळी पाडून टाकायची आणि रिकामा डबा पुन्हा वेल्ड करायचा. “पीयूसीचं मी बघतो. कोणाक कळचें ना.” (कोणाला कळणार नाही.) दुसरा, भंगारअड्ड्यावरून कुठल्याही गाडीचा वापरलेला कॅट आणून बसवायचा. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवतो. पहिला उपाय मी तिथल्या तिथे नाकारला. दुसऱ्याने मात्र विचारात पाडलं. वापरलेला अल्टरनेटर चालतो, वापरलेला दरवाजा चालतो, मग वापरलेला कॅट का चालू नये?

उत्तरासाठी आधी तो डबा आतून पाहायला हवा. माझा जुना कॅट मी घरी आणला. पत्र्याच्या कवचात राखाडी रंगाची सिरॅमिकची वीट असते. तिच्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ आरपार जाणाऱ्या चौकोनी नळ्या. पट्टी लावून मोजलं तर एका सेंटिमीटरात आडवे आठ आणि उभे आठ असे चौकोन भरले. या सिरॅमिकचं नाव कॉर्डिएराइट. तापलं तरी ते फारसं प्रसरण पावत नाही, म्हणून लालबुंद होऊन थंड झालं तरी सहसा तडकत नाही. पण वीट हा नुसता सांगाडा. खरं काम नळ्यांच्या भिंतींवर गिलाव्यासारखा जो पातळ लेप असतो, तो करतो. त्यात ॲल्युमिना असतं, सिरियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं असतात आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे काही नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेले असतात. हे धातू सगळे मिळून काही ग्रॅमच. ॲल्युमिना मात्र इतकं सच्छिद्र, की त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ शंभर चौरस मीटरच्या पुढे जातं. नव्या कोऱ्या विटेतलं हे सगळं पृष्ठफळ उलगडून पसरता आलं, तर फातोर्ड्याचं फुटबॉल मैदान झाकून उरेल.

या पृष्ठभागावर तीन कामं एकदम होतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि साधा नायट्रोजन उरतो. शाळेतलं रसायनशास्त्र आठवत असेल त्याला यातली अडचण लगेच दिसेल. पहिल्या दोन कामांत ऑक्सिजन द्यायचा आहे, तिसऱ्यात काढून घ्यायचा आहे. एकाच डब्यात, एकाच वेळी!

हे जमायचं तर इंजिनाला हवा आणि पेट्रोल अगदी मापात मिळायला हवं. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. म्हणून कॅटच्या आधी ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की तो सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर ते वाचून पेट्रोल कमी-जास्त करतो. पण तो नेमक्या मध्यावर थांबू शकत नाही. जरा पुढे जातो, जरा मागे येतो, साधारण सेकंदाला एकदा. म्हणजे कॅटमध्ये शिरणाऱ्या धुरात एका क्षणी ऑक्सिजनचा तुटवडा असतो आणि दुसऱ्या क्षणी सुकाळ.

इथे सिरियम ऑक्साइड पुढे येतं. या संयुगावर माझा मनापासून जीव आहे, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. त्याच्या स्फटिकात सिरियमच्या प्रत्येक आयनाभोवती, म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या अणूभोवती, ऑक्सिजनचे आठ आयन असतात. धुरात ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइडचा रेणू या स्फटिकातलाच एक ऑक्सिजन उचलून नेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मागे एक रिकामी जागा उरते आणि दोन इलेक्ट्रॉन उरतात. ते शेजारच्या दोन सिरियम आयनांवर जाऊन बसतात. चार धन प्रभाराचे ते आयन तीन धन प्रभाराचे होतात. एवढं होऊनही स्फटिकाची चौकट ढासळत नाही. अर्ध्या सेकंदाने ऑक्सिजनने भरलेला धूर आला की रिकाम्या जागा भरतात आणि सिरियम पुन्हा पूर्वीसारखा होतो. सुगीत भरायची आणि पावसात उपसायची कणगी जशी, तसं हे ऑक्सिजनचं कोठार, फक्त इथला सुगी-पावसाळा सेकंदाभराचा. झिर्कोनियम घालतात तेही याचसाठी. त्याचा आयन सिरियमपेक्षा लहान असल्याने जाळीत ताण येतो, आतले ऑक्सिजन सैल होतात आणि नुसत्या पृष्ठभागावरचे नव्हे, तर गाभ्यातलेही ऑक्सिजन बाहेर येऊ शकतात. शिवाय उष्णतेने सिरियमचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यालाही झिर्कोनियम अटकाव करतं.

अटकाव करतं, पण कायमचा थांबवत नाही. वापरलेल्या कॅटचा सगळा प्रश्न इथेच आहे. हजार अंशांच्या घरातली उष्णता वारंवार बसली की प्लॅटिनम-पॅलेडियमचे कण सरकत सरकत एकत्र येतात. कणाचा व्यास दहापट झाला, की तेवढ्याच धातूचा उघडा पृष्ठभाग दहाव्या हिश्श्यावर येतो. धातू कुठे गेलेला नसतो, वजन तेवढंच भरतं, पण काम करायला जागाच उरत नाही. ॲल्युमिनाची छिद्रं बुजतात. सिरियमचं कोठार आटतं. दुसरा शत्रू म्हणजे विष. पूर्वी ते पेट्रोलमधलं शिसं होतं. १९५० च्या दशकात यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने मोटारींसाठी कॅट बनवला, पण शिशाच्या पेट्रोलपुढे तो टिकेना. भारतातही १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल मोटारींना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा तिथे शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं. देशभर शिसं गेलं ते फेब्रुवारी २००० मध्ये. आता विष येतं ते इंजिन ऑइलमधल्या फॉस्फरसचं. ऑइल पिणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनातून ते रोज थोडं थोडं लेपावर बसतं.

यातलं बाहेरून काहीही दिसत नाही. टॉर्च धरली तर नळ्या आरपार मोकळ्या दिसतील, ठोकलं तर आवाज येणार नाही, आणि तरीही तो कॅट रसायनदृष्ट्या मेलेला असू शकतो. म्हणूनच अमेरिकेत १९८६ च्या संघराज्यीय धोरणाने वापरलेला कॅट विकायला मुभा दिली ती प्रत्येक नग वेगळा तपासून, त्यावर तशी खूण कोरण्याच्या अटीवर. कॅलिफोर्नियाने २००८ पासून वापरलेले कॅट बसवायला सरसकट बंदीच घातली.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडी उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. असा बदल केला तर कलम १८२अ खाली बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. प्रदूषणाची मर्यादा ओलांडली तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. रिकामा डबा हा सरळसरळ पहिल्या प्रकारात बसतो. दुसऱ्याच गाडीचा, वेगळ्या क्षमतेचा कॅट कापून-जोडून बसवला तर तीच तऱ्हा. त्याच मॉडेलचा, त्याच इंजिनाचा, त्याच भारत स्टेजचा (सरकारी प्रदूषण-मानकाच्या त्याच टप्प्याचा) कॅट बसवला तर गाडी मूळ तपशिलाप्रमाणे राहते. मग प्रश्न उरतो तो चालतो का एवढाच.

तो चालतो की नाही हे पीयूसी सांगते का? अर्धवट सांगते. माझ्या गाडीसारख्या जुन्या पेट्रोल गाडीची चाचणी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, होते आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) मोजले जातात. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. भारत स्टेज २ च्याही आधीच्या मोटारींना तर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. तेवढ्या मर्यादेत नीट ट्यून केलेलं इंजिन कॅटशिवायही पास होऊ शकतं. त्यामुळे ‘पीयूसी मिळाली, म्हणजे कॅट ठीक’ ही समजूत चुकीची आहे.

ज्या नव्या गाड्यांना कॅटच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो, तिथे मात्र लगेच कळतं. पुढचा सेन्सर सेकंदागणिक वरखाली होत असतो. मागचा, कोठार भरलेलं असेल तर, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट रेघ काढतो, कारण मधले सगळे चढउतार सिरियमने गिळलेले असतात. कोठार आटलं की मागची रेघ पुढच्या रेघेची नक्कल करू लागते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०४२० हा कोड येतो. माझ्या सहकाऱ्याच्या गाडीवर मी या दोन रेघा पंधरा मिनिटं पाहत बसलो होतो. अणूंच्या पातळीवरची देवाणघेवाण मोबाइलच्या पडद्यावर दिसत होती.

माझ्या गाडीला दुसरा सेन्सर नाही. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. माझा कॅट मेला कशाने? विटेचा एक कोपरा वितळून काचेसारखा चकाकत होता. कॉर्डिएराइट वितळायला चौदाशे अंशांच्या वर तापमान लागतं. तेवढं तापायचं तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये येऊन जळायला हवं, म्हणजे एखादा सिलिंडर मिसफायर करत असणार, त्यातलं पेट्रोल नीट पेट घेत नसणार. तपासलं तर एक इग्निशन कॉइल आणि दोन प्लग खराब निघाले. ते न बदलता नवा कॅट बसवला असता तरी तोही असाच वितळला असता. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘जुना माल टिकत नाही’ म्हणून बसतात.

इथे एक सांगतोच. पेट्रोलमध्ये ओतायची ‘कॅट साफ करणारी’ बाटली फार तर काजळी काढेल. चिकटून मोठे झालेले धातूचे कण ती पुन्हा सुटे करू शकत नाही. पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक मायलेजसाठी आणि ‘स्वच्छ धुरासाठी’ विकले जातात, त्यांना तर काहीच आधार नाही. पेट्रोलच्या रेणूंना चुंबकाचं सोयरसुतक नसतं. कॅट काढला की मायलेज वाढतं हेही तसंच. तुंबलेला कॅट काढल्यावर गाडी मोकळी होते हे खरं, पण तसा मोकळेपणा चांगला कॅट बसवूनही येतो.

अखेर मागून ठोकर बसून मोडीत निघालेली माझ्याच मॉडेलची एक गाडी सापडली. आरसीची प्रत, मीटरचं रीडिंग आणि बिल घेतलं. बिलाचा आग्रह यासाठी, की या धातूंपायी कॅट चोरीला जातात. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटींहून वर गेला होता. कॅट उतरवताना टोकं पाहिली. पांढरट थर असता तर ती गाडी ऑइल पीत होती असं समजून मी परत फिरलो असतो. इथे साधा बदामी-राखाडी रंग होता. मिस्त्रीने नवे गॅस्केट घातले, खाऱ्या हवेने गंजलेले नट कापून काढले आणि गळती नाही ना हे साबणाच्या पाण्याने तपासलं. कॅटच्या आधी बारीक गळती असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

पीयूसीला जाण्याआधी कुर्टीपासून बोरीच्या पुलापर्यंत गाडी फिरवून आणली. कॅट अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय कामाला लागत नाही आणि वय झालेल्याला त्याहून जास्त तापावं लागतं. थंड गाडी थेट यंत्रापुढे नेली तर चांगला कॅटही नापास दिसेल. कार्बन मोनॉक्साइड ०.१२ टक्के आला, हायड्रोकार्बन ९० पीपीएम (दशलक्षात ९० भाग). मर्यादा ७५० ची. स्लिप मी मिस्त्रीला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि विचारलं, “सर, कॅट पोकळ केलेली गाडी कितीवर येईल?”

त्याच्याकडे तशी एक गाडी दुरुस्तीला उभी होती. आम्ही ती गरम केली आणि घेऊन गेलो. कार्बन मोनॉक्साइड १.१ टक्के.