लिओनार्दोच्या दोन ‘खडकांमधल्या मेरी’: पॅरिसची कोणती, लंडनची कोणती?

‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ या एकाच नावाची लिओनार्दो दा विंचीची दोन चित्रं आहेत. एक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, दुसरं लंडनच्या नॅशनल गॅलरीत. मांडणी जवळपास तीच: अंधाऱ्या गुहेत मेरी, दोन बाळं आणि एक देवदूत. त्यामुळे पुस्तकांत, पोस्टांत सर्रास एकाचा फोटो आणि दुसऱ्याची माहिती छापली जाते.

ओळखायचं असेल तर देवदूताचा उजवा हात बघा. पॅरिसच्या चित्रात तो बोट रोखून समोरच्या बाळाकडे दाखवतोय आणि नजर थेट आपल्याकडे आहे. लंडनच्या चित्रात ते बोट नाही आणि देवदूत आपल्याकडे बघतही नाही. दुसरी खूण म्हणजे डोक्यामागची सोनेरी वलयं आणि एका बाळाच्या खांद्यावरचा क्रूस. या दोन्ही गोष्टी फक्त लंडनच्या चित्रात आहेत आणि त्या नंतर कुणीतरी रंगवलेल्या आहेत. क्रूस घालण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. मेरीच्या कुशीतलं, हात जोडलेलं बाळ म्हणजे येशू, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो बाप्तिस्मा देणारा योहान आहे आणि क्रूस ही त्याचीच खूण. देवदूताजवळ बसून आशीर्वाद देतोय तो येशू.

मुळात चित्र दोनदा का काढलं? 1483 मध्ये मिलानच्या एका धार्मिक मंडळाने आपल्या प्रार्थनागृहासाठी लिओनार्दो आणि दे प्रेदिस या कलाकार बंधूंना काम दिलं. पुढे पैशांवरून वाद झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. पहिलं, म्हणजे आज पॅरिसमध्ये असलेलं चित्र दुसऱ्याच कुणाकडे गेलं आणि मंडळासाठी दुसरं, म्हणजे लंडनचं, काढावं लागलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते दुसरं 1508 च्या सुमारास पुरं झालं.

पॅरिसचं चित्र लिओनार्दोचं, यावर फारसा वाद नाही. लंडनचं मात्र बराच काळ ‘बरंचसं शिष्यांच्या हातचं’ समजलं जायचं. 2005 मध्ये अवरक्त किरणांनी पाहिल्यावर रंगाखाली मेरीचं वेगळ्याच पवित्र्यातलं रेखाटन सापडलं. 2019 मध्ये देवदूत आणि बाळ येशूचीही आधीची, वेगळी जागा दिसली. नुसती नक्कल करणारा माणूस असं नवं काही आखून मग बदलत बसत नाही. म्हणून कल्पना आणि आखणी लिओनार्दोची, हे मला पटतं. 2008 ते 2010 च्या साफसफाईनंतर गॅलरीने तर सगळंच चित्र त्याचं असू शकेल, असं म्हटलं. इतकं पुढे जायला मी तयार नाही. झाडंझुडपं पॅरिसच्या चित्रात जितकी निरखून काढली आहेत, तितकी इथे नाहीत. उलट येशूच्या पाठीवरचा देवदूताचा हात अर्धवट, नुसता खरडल्यासारखा राहिलाय. काम अर्ध्यात सोडायची लिओनार्दोची सवय माहीत असलेल्याला तो हात ओळखीचा वाटतो.

पण रंगांवरून निवाडा करू नका. पॅरिसचं चित्र उबदार, तपकिरी आणि लंडनचं थंड, निळसर दिसतं, म्हणून ‘चित्रकाराचा हातच वेगळा’ असं लोक म्हणतात. त्यातला बराच फरक वार्निशचा आहे. वार्निश जुनं झालं की पिवळं पडतं, निळा हिरवट दिसू लागतो आणि सावल्या गढूळ होतात. लंडनच्या चित्रावरचं जुनं वार्निश उतरवून झालंय, पॅरिसच्या चित्रावर पिवळा थर आहे.

शिवाय पॅरिसच्या चित्राने एक मोठी शस्त्रक्रिया सोसली आहे. ते मूळ लाकडी फळीवरचं. 1806 मध्ये फळी मागून तासून काढली आणि रंगाचा पापुद्रा कॅनव्हासवर चढवला. त्या काळी किडक्या, तडकलेल्या फळीवर हाच इलाज मानला जाई; आज इतका धोका सहसा कुणी पत्करत नाही. लंडनचं चित्र अजून आपल्या पॉप्लरच्या फळीवरच आहे. म्हणजे ज्याच्या कर्त्याबद्दल शंका घेतली गेली, त्याचा मूळ आधार शाबूत आहे आणि ज्याच्याबद्दल खात्री, त्याचा आधार गेलाय. 2011-12 च्या लंडनमधल्या प्रदर्शनात दोन्ही चित्रं प्रथमच एका दालनात आली, तेव्हाही ती अशा वेगवेगळ्या अवस्थेतच समोरासमोर होती.