पाइप पंचवीसचाच, पण लाइट की मीडियम?

मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, वायरी ओढायला ‘पंचवीसचा (25 मिमीचा) पीव्हीसी पाइप द्या’ म्हटलं की काउंटरवरून उलट प्रश्न येतो: लाइट की मीडियम? दोन्ही सहसा 3 मीटर लांब, बाहेरून सारख्याच जाडीचे. मग घरमालक भाव विचारतो आणि स्वस्तातला उचलतो.

फरक पाइपच्या कडेच्या जाडीत आहे. कन्ड्यूटचं, म्हणजे वायरींच्या या पाइपचं, माप बाहेरून धरतात, त्यामुळे मीडियमची जादा जाडी आतल्या बाजूला जाते आणि वायरींना जागा किंचित कमी उरते. लाइटमधून जेमतेम जाणाऱ्या वायरी मीडियममध्ये अडतात त्या याचमुळे. अशा वेळी वीसचा सोडून पंचवीसचा घ्यावा. मीडियमवरून लाइटवर उतरू नये.

भारतीय मानक 9537 च्या तिसऱ्या भागात पाइप दाबून बघायची चाचणी आहे. लाइटला 320 न्यूटन, मीडियमला 750. म्हणजे साधारण 32 आणि 75 किलोंचा भार. आता स्लॅबचं काम डोळ्यांसमोर आणा. सळ्यांवर बांधलेल्या पाइपवरून बिगारी घमेली घेऊन चालतात, वर काँक्रीट पडतं, व्हायब्रेटर फिरतो. तिथे लाइट पाइप टाकणं मला अक्षम्य वाटतं. आमच्या इमारतीत कंत्राटदाराने तेच केलं. हॉलच्या पंख्याचा पाइप मध्येच चेपला आणि वायर काही केल्या पुढे सरकेना. स्लॅब फोडणार कोण? शेवटी छतावरून उघडी पट्टी मारून पंखा चालू केला, आणि ती पट्टी आजही रोज डोळ्यांत खुपते.

फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे पाय पडत नाही आणि पाइप पुन्हा काढता येतो, तिथे लाइट चालतो. भिंतीत झरी (खाच) मारून प्लास्टरखाली गाडायचा असेल तर मी मीडियमच घेईन. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजत नाहीत दोन्ही, आणि गच्चीवरच्या उन्हात कालांतराने ठिसूळ होतात तेही दोन्ही. पीव्हीसीतून अर्थिंग मिळत नाही, म्हणून अर्थची हिरवी वायर कुठल्याही पाइपात वेगळी ओढावीच लागते.

पाइपवर छापलेलं असतं: एलएमएस म्हणजे लाइट, एमएमएस म्हणजे मीडियम, शेजारी आयएसआयचा शिक्का. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी वर जाऊन ही अक्षरं स्वतः वाचा. लाइट दिसला तर त्याच संध्याकाळी बदलून घ्या.