क्रॉन
क्रॉन : युनिक्स व तिच्या धर्तीवरील ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठरलेल्या वेळी ठरलेली आज्ञा आपोआप चालवणारा, पार्श्वभूमीत अखंड जागा राहणारा प्रोग्रॅम. सर्व्हरवरील बॅकअप, लॉग फाइलींची छाटणी, रात्रीचे अहवाल अशी नित्यकामे बहुधा त्याच्याकडे असतात. कामांची यादी ज्या फाइलीत लिहितात तिला क्रॉनटॅब म्हणतात.

क्रॉनचे श्रेय सामान्यतः बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतील केन टॉम्प्सन यांना दिले जाते. काळाबाबत एकमत नाही. काही संदर्भांत १९७५ हे वर्ष आढळते, तर पुष्कळ ठिकाणी युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून (१९७९) सुरुवात धरतात. आजच्या क्रॉनची वंशावळ लावताना दुसरा आरंभबिंदू अधिक सोयीचा ठरतो. त्या क्रॉनची रीत अगदी साधी होती : दर मिनिटाला जागे व्हायचे, एकमेव सामायिक यादी वाचायची आणि वेळ जुळलेली आज्ञा चालवायची.

हीच सोय प्रत्येक वापरकर्त्याला द्यायची म्हटल्यावर अडचण उभी राहिली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील सुमारे १०० वापरकर्त्यांच्या व्हॅक्स संगणकावर दर मिनिटाच्या तपासणीचा भार डोईजड झाला. फ्रांटा व माली यांनी १९७७ मध्ये अनुकरण-प्रोग्रॅमांतील (प्रत्यक्ष घडामोडींची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमांतील) घटनायादी सांभाळण्याची एक पद्धत मांडली होती. रॉबर्ट ब्राउन यांनी ती क्रॉनला लावून पाहिली. प्रत्येक कामाची पुढची वेळ आधीच काढून यादी क्रमाने लावायची, पहिल्या कामाच्या वेळेपर्यंत निजायचे, काम चालवले की त्याची पुढची वेळ काढून ते पुन्हा यादीत घालायचे. प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र यादी हे वैशिष्ट्य पुढे सिस्टिम व्ही या युनिक्सच्या आवृत्तीत आले. पॉल विक्सी यांची १९८७ ची आवृत्ती बीएसडी व लिनक्स या युनिक्सच्या धर्तीवरील सिस्टिमांवर रुजली. रेड हॅट या लिनक्स कंपनीकडील क्रोनी (२००७) हा तिचाच फाटा होय.

क्रॉनटॅबच्या ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशी पाच घरे आणि नंतर आज्ञा असते; घरातील * म्हणजे ‘कोणतेही’. तारीख व वार दोन्ही भरल्यास क्रॉन त्यांपैकी एक जुळले तरी काम चालवतो. म्हणून ‘३० ४ १,१५ * ५’ ही ओळ १ व १५ तारखेला आणि शिवाय प्रत्येक शुक्रवारी पहाटे साडेचारला चालते. १ किंवा १५ तारखेला शुक्रवार आला तरच चालेल, हा समज चुकीचा आहे.

महिन्याच्या शेवटच्या दिवसासाठी मूळ मांडणीत चिन्हच नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या भारतीय प्रशासकांना ही उणीव विशेष जाणवते. सर्व्हरचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १ तारखेला पहाटे दोनला हवे असलेले काम तिथे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी रात्री ८.३० ला पडते. रूढ तोडगा असा : काम २८ ते ३१ तारखांना लावायचे आणि उद्याची तारीख १ असेल तरच पुढे जायचे. ही तपासणी लिहिताना % चिन्ह लागते आणि क्रॉनटॅबमध्ये त्याचा अर्थ नवी ओळ असा होतो. त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ (\) दिली नाही, तर आज्ञा मध्येच तुटते. तपासणी वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवणे अधिक सुरक्षित.

उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत वर्षातून एकदा एक तास गळतो, एकदा दुहेरी येतो. विक्सी परंपरेतील प्रचलित आवृत्त्या ठरावीक वेळेचे गळलेले काम लगेच चालवतात व दुहेरी तासात ते पुन्हा चालवत नाहीत. सर्वच क्रॉन असे वागतात असे मात्र धरू नये. यंत्र बंद असताना हुकलेल्या कामांचा हिशोब मूळ क्रॉन ठेवत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन निघाला. आधीची फेरी संपली नसली तरी क्रॉन नवी सुरू करतो, म्हणून लांबणाऱ्या कामांना कुलूप-फाइल (काम चालू असल्याची खूण ठेवून दुसरी फेरी रोखणारी फाइल) लावणे आवश्यक असते.

लिनक्सवर सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे टायमर हा आता प्रमुख पर्याय आहे.  अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवून सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीतील क्रॉनजॉबने पाच घरांची मांडणी कायम ठेवली. कामागणिक वेळक्षेत्र नोंदवण्याची सोय त्यात १.२७ आवृत्तीत (२०२३) स्थिर झाली.