चित्रगुंतवणुकीतील फसवणूक व प्रतिबंध (बडोदे)

वाइन, जुनी नाणी, घड्याळे, चित्रे अशा शेअर बाजाराबाहेरच्या गुंतवणुकीत खोटा माल किंवा खोटी मालकी गळ्यात मारली जाण्याचा धोका मोठा असतो. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे बडोद्यात वाइनच्या साठ्याचा प्रश्न फारसा येत नाही. इथला खरा धोका चित्रांत आहे.

त्याचे कारण शहराच्या इतिहासातच आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक चित्रे करून घेतली. 1950 मध्ये इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि इंदूरात जन्मलेले ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. पुढे के. जी. सुब्रमण्यन, भूपेन खख्खर अशा चित्रकारांची नावे या शहराशी जोडली गेली. त्यामुळे दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात अस्सल चित्र निघू शकते. ‘आजोबा खानगी खात्यात (राजवाड्याचा खासगी कारभार पाहणाऱ्या खात्यात) होते, दरबारातून मिळालं’ किंवा ‘फाइन आर्ट्सच्या मेळ्यात सरांकडूनच घेतलं’ ही वाक्ये इथे कोणालाही पटतात. म्हणूनच पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य धरावी आणि चित्राआधी कागद तपासावेत.

कागद म्हणजे पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची सलग साखळी: बिल, पत्र, प्रदर्शनाची यादी, घरातल्या भिंतीवर चित्र दिसते असा तारखेचा फोटो. मधला एखादा दुवा तुटला तर त्याचे कारण लेखी मागावे. अस्सलतेच्या प्रमाणपत्रावर चित्राचा फोटो, सेंटिमीटरमधील माप, माध्यम आणि फोटोवर अर्धी येणारी सही हवी. प्रमाणपत्रही बनावट असू शकते. त्यामुळे ते देणाऱ्याशी स्वतः शोधलेल्या क्रमांकावर बोलावे, प्रमाणपत्रावर छापलेल्या क्रमांकावर नव्हे. साध्या तारखा जुळवूनही मोठे बिंग फुटते. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात ‘क्लो सँ-दनी’ या फ्रेंच वाइनच्या 1945 पासूनच्या बाटल्या आल्या. ज्या पोन्सो घराण्याची लेबले त्यांवर होती, ते ती वाइन 1980च्या दशकापूर्वी बनवतच नव्हते. त्या बाटल्यांमागच्या रूडी कुर्नियावानला 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

बडोद्यात सर्वांत जास्त जपायचे ते रंगवलेल्या ओलिओग्राफपासून, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रापासून. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याचे चित्र कॅनव्हासवर चिकटवतात, वरून थोडा तैलरंग आणि वार्निश देतात आणि ‘मूळ तैलचित्र’ म्हणून विकतात. दहापट भिंगातून चेहरा व हात पाहावेत, कारण वरचा रंग बहुधा कपड्यांवर आणि दागिन्यांवर दिलेला असतो. कातडीच्या छटेत कुंचल्याचा फटकारा न दिसता बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई आहे.

सही नंतर घातलेली असेल तर तेही भिंगात कळते. जुन्या रंगाला तडे जातात. अस्सल सही तड्यासोबत तुटते. नंतर केलेल्या सहीचा रंग तड्यात उतरलेला दिसतो. अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला की जुने नैसर्गिक राळेचे वार्निश हिरवट चमकते आणि त्यावर मागाहून दिलेला रंग काळपट दिसतो. काही आधुनिक वार्निशे हे किरण अडवतात, म्हणून डाग दिसला नाही एवढ्यावर समाधान मानू नये. मागची बाजू पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. शंभर वर्षांच्या म्हणून सांगितलेल्या चित्राचा कॅनव्हास स्टेपलच्या पिनांनी ठोकलेला असेल, तर तो पुन्हा का ताणला, हे विचारावे.

किंमत लाखांत असेल तर एक्सआरएफ चाचणीचा (क्ष-किरणांनी रंगातील मूलद्रव्ये ओळखणाऱ्या चाचणीचा) खर्च करावा. टायटॅनियम पांढरा हा रंग 1920च्या सुमारास बाजारात आला. 1890च्या चित्रात तो सापडला तर चित्र बनावट आहे किंवा डागडुजी झाली आहे. या दोहोंत फरक करण्यासाठी वाचन तीन-चार ठिकाणी, डागडुजीच्या खुणांपासून दूर घ्यावे.

दुसरा प्रकार योजनेचा. ‘चित्र आमच्याच गोदामात राहील, तुम्हाला दरवर्षी ठरलेलं भाडं मिळेल’ असे सांगून एकच चित्र अनेकांना विकले जाते. परदेशी बॉण्डेड (कर भरण्यापूर्वी माल ठेवण्याच्या) गोदामांतल्या वाइनबाबतही हेच होते. चित्र ताब्यात घ्यावे. ठेवायचेच असेल तर गोदामाची पावती आपल्या नावावर घ्यावी आणि ती थेट गोदामाकडून पडताळावी. लोकांचे पैसे एकत्र करून चित्रे घेणारे कला-निधी सामूहिक गुंतवणूक योजनेत मोडतात, त्यांना नोंदणी लागते, असे सेबीने 2008 मध्येच बजावले आहे.

पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे. शिवाय चित्र ही भांडवली मालमत्ता असल्याने पुढे विकताना खरेदी किंमत बिलानेच सिद्ध करावी लागते. बिलावर कलाकाराचे नाव, वर्ष, माप आणि ‘अस्सल न ठरल्यास पूर्ण रक्कम परत’ ही अट मुदतीसह लिहून घ्यावी. ‘यांच्या शैलीतील’ असे शब्द आले तर विक्रेत्याने हमी दिलेलीच नाही, असे समजावे.

फसवणूक उघड झाल्यावर चित्र पुसू नये, फ्रेम उघडू नये आणि पोच घेतल्याशिवाय परत देऊ नये. तोच मुद्देमाल असतो. पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली होते. फसवून मालमत्ता द्यायला लावल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.