लघवीत रसायन सापडलं, म्हणजे बाळाला विषबाधा झाली का?

‘बाळाच्या लघवीत प्लास्टिकमधलं रसायन सापडलं, म्हणजे विषबाधा झालीच,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो वाचून धास्ती वाटणं साहजिकच आहे. पण आजची उपकरणं लिटरभर लघवीतला ग्रॅमचा १० लाखावा भागही टिपतात. नुसतं सापडलं म्हणून अपाय झाला असं होत नाही. बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमधलं रसायन तर बहुतांशी २४ तासांत लघवीवाटे निघून जातं, म्हणजे एकच नमुना फार तर कालचा हिशेब देतो, वर्षभराचा नाही. त्यामुळे अशा रसायनांवरचा शास्त्रीय अभ्यास वाचताना आधी पाहावं, नमुने किती वेळा घेतले? मुलांवर पुढे किती काळ लक्ष ठेवलं? घरातला सिगारेटचा धूर, आर्थिक परिस्थिती हेही हिशेबात धरलं का?

शिशाचं मात्र वेगळं आहे. ते हाडांत साठतं आणि मुलांसाठी त्याची सुरक्षित पातळी अशी कोणतीच ठरलेली नाही. रक्तात शिसं निघालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.