‘अपूर्ण’ या विशेषणाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या बी मायनर या स्वरपट्टीतील सिम्फनीला (वाद्यवृंदासाठीच्या, बहुधा चार भागांच्या मोठ्या रचनेला) ‘अपूर्ण’ म्हणण्याची सवय इतकी रुळली आहे की मृत्यूने त्याचा हात थांबवला, असा समज सर्रास आढळतो. हस्तलिखितावर मात्र 30 ऑक्टोबर 1822 ही तारीख आहे आणि शूबर्ट वारला तो 19 नोव्हेंबर 1828 रोजी. मधल्या सहा वर्षांत त्याने सी मेजरमधील प्रदीर्घ सिम्फनी शेवटाला नेली. बी मायनरची सिम्फनी त्याने बाजूला ठेवली होती, आणि ‘अपूर्ण’ या शब्दात नेमके हेच झाकले जाते.

यातील दोन भाग वाद्यवृंदासाठी पूर्ण लिहिलेले आहेत. तिसऱ्याचा पियानोवरचा आराखडा बराच पुढे गेला होता, पण वाद्यवृंदासाठी लिहून झाले ते स्वरलिपीतील जेमतेम 20 बार, म्हणजे तालाचे छोटे खंड. त्यांचे एक पान वेगळे झालेले होते आणि ते 1960च्या दशकाच्या अखेरीस हाती लागले. पहिले दोन्ही भाग तीनच्या लयीतले, त्यात तिसराही तसाच निघाल्यामुळे शूबर्ट अडला असावा, असे एक मत आहे. दुसरे मत त्या सुमारास जडलेल्या आजाराकडे बोट दाखवते. पहिल्या भागात चेलोंची (व्हायोलिनच्या कुळातील खर्जाच्या वाद्यांची) गोड चाल ऐन भरात असताना एकाएकी तुटते आणि एक अख्खा बार सगळी वाद्ये गप्प राहतात. हे ऐकल्यावर उरलेल्या भागांची उणीव निदान मला तरी जाणवत नाही.

हस्तलिखित ऑस्ट्रियातील ग्राझ शहरातल्या एका मित्राकडे गेले आणि सुमारे चार दशके तिथेच राहिले. त्याने ते दडपून ठेवले, हा आरोप नेहमी होतो. पण त्यानेच या रचनेचे दोघांनी एका पियानोवर वाजवण्याजोगे रूपांतर केले होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. 1865 मध्ये व्हिएन्नाचा एक वाद्यवृंदसंचालक त्याला भेटला आणि त्या मित्राची एक रचनाही सादर करण्याचे कबूल करून हस्तलिखित घेऊन गेला.

17 डिसेंबर 1865 रोजी पहिले सादरीकरण झाले तेव्हा या दोन भागांना शूबर्टच्याच तिसऱ्या सिम्फनीचा शेवटचा भाग जोडण्यात आला. ती सिम्फनी 1815ची, अठराव्या वर्षी लिहिलेली. तिचा शेवट डी मेजरमधला, धावता आणि आनंदी. श्रोत्यांना चार भागांच्या सिम्फनीची सवय होती, हे मान्य केले तरी दुसऱ्या भागाच्या शांत शेवटानंतर ती धावपळ ऐकवणे हा मला या रचनेवरचा अन्यायच वाटतो. 1928 मध्ये, मृत्यूच्या शताब्दीनिमित्त, एका ध्वनिमुद्रिका कंपनीने ही सिम्फनी पुरी करण्याची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा मात्र विरोध झाला आणि नियम बदलावे लागले. एंट्री म्हणून नव्या स्वतंत्र सिम्फनीही स्वीकारल्या गेल्या.

क्रमांकाचा घोळ अजून मिटलेला नाही. शूबर्टच्या रचनांच्या 1978च्या सुधारित सूचीनंतर जर्मनभाषक देशांत हिला सातवी म्हणतात, तर इंग्रजीत ती आजही आठवीच आहे.