'आमच्याकडे असंच चालतं': संस्थेच्या संस्कृतीचा अभ्यास कुठून सुरू झाला

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी जुनाजाणता हळूच सांगतो, 'आमच्याकडे असंच चालतं.' नियमपुस्तिकेत नसलेल्या या 'असंच'चा अभ्यास व्यवस्थापनाच्या वर्गात नव्हे, कारखान्यात सुरू झाला.

शिकागोजवळच्या सिसेरोमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री तिथे बनायची. १९२४ मध्ये प्रश्न साधा होता: उजेड वाढवला तर काम वाढेल का? उजेड आणि काम यांचा मेळ काही बसेना. पुढे हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी आले, पण मला महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा, कमी गाजलेला प्रयोग. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आदिवासींमध्ये राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ लॉइड वॉर्नर यांच्या सल्ल्याने, नोव्हेंबर १९३१ पासून १४ कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवलं. एक निरीक्षक खोलीतच, मध्ये न पडता नुसता पाहत बसे. दुसरा बाहेर, मुलाखती घेणारा.

जास्त काम केलं तर जास्त पैसे मिळणार होते. तरीही दिवसाला टेलिफोन यंत्रणेचे दोन संच जोडले की पुरे, असं त्यांचं आपसात ठरलेलं होतं. हात जरा जास्त चालवणाऱ्याच्या दंडावर शेजारी सणसणीत गुद्दा हाणायचा. काम वाढवलं तर मालक दर कापेल किंवा कुणाची तरी नोकरी जाईल, ही धास्ती त्यामागे होती. मंदीचे दिवस होते, त्यामुळे ती वेडगळ म्हणता येणार नाही. मे १९३२ मध्ये कामच उरलं नाही आणि खोली बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धागा लंडनच्या टॅव्हिस्टॉक या माणसांच्या गटांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने उचलला. एलियट जॅक्स यांनी ग्लेसियर मेटल या कारखान्याच्या बदलत्या संस्कृतीवर १९५१ मध्ये पुस्तकच लिहिलं. त्याच संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन हवं तसं वाढत नव्हतं. कामाचे इतके तुकडे पाडले होते की कोण कोणाच्या टोळीत, हेच कळत नव्हतं. ठरावीक मागांची जबाबदारी एका गटाकडे द्यावी असं राइस यांनी सुचवलं, तर कामगारांनी आपले गट आपणच झटपट जुळवले. कापडाचा दर्जा आणि उत्पादन दोन्ही सुधारलं.

मग आलं १९८० चं दशक. जपानी मोटारी आणि टीव्हींनी अमेरिकी कंपन्यांना घाम फोडला आणि 'संस्कृती' हा यशाचा मंत्र म्हणून विकला जाऊ लागला. पीटर्स आणि वॉटरमन या व्यवस्थापन सल्लागारांचं यशस्वी कंपन्यांवरचं १९८२ चं पुस्तक धडाक्यात खपलं. त्याआधी डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. देशादेशांतला फरक त्यातून दिसला, पण दंडावरचा गुद्दा प्रश्नावलीत सापडत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांना हे नेमकं ठाऊक होतं. १९८५ च्या पुस्तकात त्यांनी संस्कृतीचे तीन थर मांडले: डोळ्यांना दिसतं ते, लोक तोंडाने सांगतात ते आणि सगळेच गृहीत धरतात ते. तिसऱ्या थराचा धडा त्यांना डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत मिळाला होता. तिथल्या बैठकांत लोक एकमेकांना तोडून तावातावाने भांडत. नीट ऐकून घ्या, असं शाइन सांगत. लोक माना डोलवत आणि पुन्हा भांडत. कल्पना वादात टिकली तरच खरी, असं ते धरून चालतात हे उमगल्यावर शाइन यांनी उपदेश थांबवला आणि गोंगाटात अर्धवट राहिलेले मुद्दे समोरच्या मोठ्या कागदावर लिहून ठेवू लागले.